रमजानमध्ये खत्म करावा की अर्थ समजून थोडंच वाचावं?

सुपारीची_बाग

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण माझ्या डोक्यातून काही केल्या जात नाही.

आम्ही दापोली तालुक्यातले कोकणी मुसलमान. घरात बोली कोकणी, शाळा मराठी आणि मगरिबनंतर मदरशात अरबी. आधी 'यस्सरनल कुरआन'चा कायदा (अक्षरओळखीचं पुस्तक), मग अम्म पारा (शेवटचा भाग), मग पूर्ण कुरआन नाजरा, म्हणजे बघून वाचणं. त्यामुळे अरबी मजकूर समोर आला की मी न अडखळता वाचते, पण काय वाचलं ते सांगता येत नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक मुस्लिम घरांत हीच परिस्थिती असेल. रमजानमध्ये रोज एक पारा (कुरआनचा तिसावा भाग), महिन्यात तीस पारे, एक खत्म, म्हणजे पूर्ण वाचन. लग्नाआधीपासूनचा हा शिरस्ता.

आता मराठी तर्जुमा (अनुवाद) घरात आणलाय. नुसता अरबी पारा पाऊण तासात होतो. तोच अर्थासकट घेतला तर दोन तासही पुरत नाहीत, कारण मध्येच थांबावंसं वाटतं, मागे जाऊन परत बघावंसं वाटतं. नोकरी, सहेरी, इफ्तारीची तयारी, मुलांचा अभ्यास हे सगळं धरून दोन्ही होणं शक्य नाही. सासूबाईंचं म्हणणं, रमजानचा खत्म चुकवू नये. नणंद म्हणते, न समजता तीस पारे वाचण्यापेक्षा समजून तीन वाच.

तुम्ही काय करता? आणि अर्थ न कळता केलेल्या तिलावतीने (कुरआनपठणाने) माणसात काही बदलतं का? मला वाटतं बदलतं, पण कसं ते मांडता येत नाही. पोथी, स्तोत्रं, पारायण करणाऱ्यांनीही जरूर लिहा.

खाडीकाठ

चांगला धागा. आमच्या घरातही दर रमजानला हाच वाद. वाचतोय.

हाफिज_घाटमाथा

ताई, सासूबाई आणि नणंद दोघींच्या बाजूने बोलता येईल. मी आधी सासूबाईंची बाजू घेतो.

तिर्मिजी या संग्रहात एक हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे. अल्लाहच्या किताबातलं एक अक्षर वाचलं की एक नेकी, आणि प्रत्येक नेकीचं फळ दहापट. पुढे पैगंबर (स.) म्हणतात, 'अलिफ-लाम-मीम' हे एक अक्षर आहे असं मी म्हणत नाही, अलिफ एक अक्षर, लाम एक अक्षर, मीम एक अक्षर. आता उदाहरण कोणतं निवडलं ते बघा. कुरआनच्या २९ सूरांच्या (अध्यायांच्या) आरंभी अशी सुटी अक्षरं येतात आणि त्यांचा खरा अर्थ अल्लाहच जाणतो, असं बहुतेक मुफस्सिर (भाष्यकार) सांगतात. म्हणजे मोठमोठ्या आलिमांनाही (धर्मपंडितांनाही) ज्याचा अर्थ लागत नाही, नेमकी तीच अक्षरं सवाबाच्या (पुण्याच्या) उदाहरणाला घेतली. तेव्हा न समजता केलेली तिलावत वाया जाते असं कुणी म्हटलं तर ते मला मान्य नाही.

दुसरं, नमाज. तर्जुम्याने नमाज होत नाही. पाच वेळच्या नमाजीत जे पढायचं ते अरबीच. मग जीभ आणि कान त्या आवाजाला सरावलेले हवेत, आणि ते नुसत्या वाचनानेच सरावतात.

का_आणि_कसे

मी धार्मिक नाही, पण विषयाबद्दल आस्था आहे म्हणून विचारतो. अक्षरामागे दहा नेक्या हा हिशेब मला खटकतो. ग्रंथ सांगायला आलेला असतो ना? जे सांगितलंय ते ऐकूनच घ्यायचं नाही आणि अक्षरं मोजायची, यात अध्यात्म कुठे आलं? हिंदू घरांतही हेच चालतं, त्यामुळे आक्षेप एकट्या इस्लामवर नाही.

शब्दवेडी

आमच्याकडे रोज संध्याकाळी अथर्वशीर्ष. लहानपणी अर्थ ठाऊक नव्हता, तरी म्हणून झाल्यावर घर शांत व्हायचं आणि आम्ही भावंडंही. अर्थ पुढे कॉलेजात असताना वाचला. पण तोवर शब्द तोंडात बसलेले होते म्हणून तो अर्थ लगेच घरचा वाटला. पाठ नसतं तर पुस्तक मिटल्यावर अर्थही विसरले असते.

सुपारीताई, तुमच्याकडे उच्चार चुकला तर काय होतं? आमचे आजोबा एक ऱ्हस्व-दीर्घ चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत.

हाफिज_घाटमाथा

>> उच्चार चुकला तर काय होतं?

उस्ताद तिथेच थांबवतात. तजवीद हे त्यासाठीचं अख्खं शास्त्र आहे. कुठलं अक्षर घशातून, कुठलं जिभेच्या टोकातून, नाकातला गुन्ना किती लांबवायचा, मद (दीर्घ स्वर) किती ओढायची. आपल्याला 'स' आणि 'ज'चे तीन-चार अरबी प्रकार सारखेच ऐकू येतात, त्यामुळे मराठी मुलांची त्यावर फार मेहनत होते.

'का आणि कसे' भाऊ, तुमच्या शंकेवर. आमच्या मशिदीत रात्री मोठ्यांचा वर्ग चालतो. एसटीतून निवृत्त झालेले, गवंडीकाम करणारे, साठी उलटलेले लोक कायदा घेऊन बसतात. जीभ वळत नाही, घाम फुटतो. त्यांना आम्ही बुखारी आणि मुस्लिम या संग्रहांमधली हदीस सांगतो: जो कुरआनात निपुण आहे तो प्रतिष्ठित फरिश्त्यांच्या सोबत असेल, आणि जो अडखळत, कष्टाने वाचतो त्याला दुप्पट सवाब. अक्षरांचा हिशेब या माणसांसाठी आहे. नाहीतर त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात कायदा मिटून ठेवला असता.

का_आणि_कसे

हे पटलं. शिकणाऱ्याला धीर देण्यासाठी म्हणून पटलं. पण आयुष्यभर त्याच पायरीवर बसून राहणं अजून पटत नाही.

कुवेतवाला

मूळ गाव म्हसळ्याजवळ, नोकरी कुवेतला. इथला एक अनुभव.

मला वाटायचं, अरबांचं बरं, त्यांना कुरआन आपोआप कळत असणार. माझा एक इजिप्शियन सहकारी आहे, मातृभाषा अरबी. सूरा आदियात त्याला तोंडपाठ. एकदा मी त्यातल्या पहिल्या दोन आयतींचा (वचनांचा) अर्थ विचारला, तर म्हणाला, घोड्यांबद्दल आहे एवढं नक्की, बाकी तफसीर (भाष्य) बघून सांगतो. बोलण्यातली अरबी वेगळी आणि कुरआनची वेगळी. शिवाय कुठली आयत कुठल्या प्रसंगी आली ते त्यालाही शिकावंच लागतं. म्हणजे समजण्यासाठीची मेहनत कुणालाच चुकलेली नाही.

मात्र ऐकण्यात ते आपल्या फार पुढे आहेत. शेख हुसरी यांनी १९६१ साली संपूर्ण कुरआन तरतीलात, म्हणजे संथ आणि स्पष्ट पठणात, ध्वनिमुद्रित केला, पूर्ण ध्वनिमुद्रण करणारे ते पहिले. गाडीत मी तेच लावतो. दुसरे कुरआनपठणकार मिनशावी ऐकायचे तर रात्री, एकटं असताना. त्यांचा आवाज दुःखाच्या आयतींना असा ओला होतो की अर्थ माहीत नसला तरी काहीतरी गंभीर चाललंय हे कळतं. मी तर्जुम्याकडे वळलो तो त्या आवाजामुळे. एवढं हेलावून टाकणारं हे काय म्हणताहेत, हे जाणून घ्यायचं होतं.

पहाटपाखरू

अब्दुल बासित यांची सूरा मरियम राहिली. श्वास किती लांब!

जुना_वारकरी

सुपारीताई, प्रश्न वाचून आमचीच गोष्ट वाटली.

तुकोबा म्हणतात, 'वेदाचा तो अर्थ आम्हांसी च ठावा । येरांनी वहावा भार माथां ॥' नुसतं पाठांतर करणाऱ्यांना त्यांनी हमालच म्हटलंय. माउलींनी १२९० साली गीतेचा अर्थ मराठीत आणला तोही लोकांना कळावं म्हणूनच. असं असूनही आमच्या सप्ताहात रोज सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण असतंच. शंभर-दीडशे माणसं एका लयीत ओव्या वाचतात आणि त्या जुन्या मराठीतलं निम्मं आजच्या वाचकाला लागत नाही. मग रात्री कीर्तन. कीर्तनकार एकच अभंग घेतो आणि दोन तास त्याचाच अर्थ उलगडतो. सकाळी भरपूर वाचायचं, रात्री थोडंच पण खोल ऐकायचं. एकाच दिवसात दोन्ही बसवलेलं आहे. तुमच्याकडे अशी काही सोय नाही का?

सुपारीची_बाग

बुवा, तुकोबांची ओळ वाचून अंगावर काटा आला, कारण अगदी हेच कुरआनात आहे. सूरा जुमुआ, ६२वी, पाचवी आयत. ज्यांच्यावर तौरात (ज्यूंचा धर्मग्रंथ) सोपवली आणि ज्यांनी ती पेलली नाही, त्यांची उपमा पुस्तकं वाहणाऱ्या गाढवाची. ती आयत तौरातवाल्यांबद्दल आहे, पण आमचे मौलाना खुतब्यात सांगतात की ती ऐकताना इतरांकडे बोट दाखवू नका.

सोय आहे, काही ठिकाणी. तरावीहनंतर (रमजानमधल्या रात्रीच्या खास नमाजीनंतर) दहा-पंधरा मिनिटं, त्या रात्री जे पढलं गेलं त्याचा खुलासा उर्दूत सांगतात. आमच्या गावात मात्र बायका तरावीह घरीच पढतात, त्यामुळे तो खुलासा आमच्यापर्यंत पोचत नाही.

रात्रपाळी

खुलासा सगळीकडे कुठला? मुंबईत मोहम्मद अली रोडच्या बाजूला पाच दिवसांची, दहा दिवसांची तरावीह असते. व्यापारी, फिरतीवरचे लोक सुरुवातीलाच खत्म ऐकून मोकळे होतात. पाच दिवसांत तीस म्हणजे रोज सहा पारे. तिथे आयतीच्या शेवटचा 'ऊन' आणि 'ईन' तेवढा ऐकू येतो असं लोक म्हणतात. मी स्वतः त्यात उभा राहिलोय. पायांचं काय होतं ते विचारू नका.

हाफिज_घाटमाथा

घाईने पढणं चूकच. सूरा मुज्जम्मिलमध्ये स्पष्ट हुकूम आहे, कुरआन ठहर ठहर के, तरतीलने पढा. मात्र साध्या तरावीहच्या आतलं काम लोकांना दिसत नाही, म्हणून थोडं लिहितो.

वीस रकातींत (नमाजीच्या आवर्तनांत) रोज साधारण एक ते सव्वा पारा, म्हणजे सत्ताविसाव्या रात्रीपर्यंत खत्म. दिवसभर तेवढा भाग घोकायचा. संध्याकाळी पुढे उभं राहायचं आणि अगदी मागेच सामे उभा असतो. सामे हाही हाफिज (कुरआन तोंडपाठ असलेला), त्याचं काम फक्त ऐकण्याचं. मी कुठे अडकलो किंवा चुकीच्या आयतीत शिरलो की तो लुकमा देतो, म्हणजे योग्य शब्द मोठ्याने म्हणतो. कुरआनात मिळत्याजुळत्या आयती पुष्कळ. मूसा नबींची हकिकत अनेक सूरांमध्ये येते आणि एखाद्या शब्दाच्या फरकाने माणूस एका सूरेतून दुसऱ्या सूरेत निघून जातो.

हिफ्ज (पाठांतर) करताना मला अर्थ ठाऊक नव्हता, तेव्हा या जागा मी पानावरच्या ठिकाणावरून लक्षात ठेवायचो: उजव्या पानावर, खालून तिसरी ओळ. पुढे आलिमचा कोर्स केला, तफसीर शिकलो, मग कळलं की फिरऔनशी (इजिप्तच्या राजाशी) बोलणं चाललंय की बनी इस्राईलशी (मूसा नबींच्या लोकांशी), यावरून पुढचा शब्द कोणता तो आपोआप येतो. आता लुकम्याची गरज कमी पडते. म्हणजे समजण्याने पाठांतरही पक्कं झालं. ही आता तुमच्या नणंदेची बाजू.

मुंब्र्याची_आलिमा

धागा उशिरा पाहिला. मी मुलींच्या मदरशात शिकवते. मुद्द्याचं लिहिते.

कुरआन स्वतःबद्दल काय म्हणतो? सूरा साद, आयत २९: ही बरकतवाली किताब यासाठी उतरवली की लोकांनी तिच्या आयतींवर विचार करावा. सूरा मुहम्मद, आयत २४: हे कुरआनवर विचार करत नाहीत का, की मनांना कुलपं लागलीत? रमजानच्या खत्माचं महत्त्व आहेच, पण अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) भरभर खत्म करायचे तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना महिन्यात एक खत्म करायला सांगितलं. ते जास्तीसाठी आग्रह धरत गेले तशी मुदत कमी करत आणली. आणि हेही सांगितलं की तीन दिवसांच्या आत कुरआन संपवणाऱ्याला तो समजत नाही.

स्वतः पैगंबर (स.) काय करायचे? नसाई या हदीससंग्रहात आहे, एकदा पूर्ण रात्र ते नमाजीत एकच आयत पढत राहिले. सूरा माइदाची ११८वी: तू यांना शिक्षा केलीस तर हे तुझेच बंदे आहेत, आणि माफ केलंस तर तूच सामर्थ्यवान आणि हिकमतवाला आहेस. पहाटेपर्यंत तेवढंच. आणि दुसऱ्याकडून ऐकायलाही त्यांना आवडायचं. इब्ने मसऊद (रजि.) यांना म्हणाले, मला कुरआन ऐकव. ते म्हणाले, तुमच्यावरच तर उतरतो, मी तुम्हाला काय ऐकवू? तरी ऐकवला. सूरा निसाच्या ४१व्या आयतीला पोचले तेव्हा पैगंबर (स.) 'बस' म्हणाले. पाहिलं तर डोळ्यांतून अश्रू वाहत होते.

सुपारीताई, तुम्ही विचारलंत आत काय बदलतं. मी मुलींना फातिहापासून, म्हणजे कुरआनच्या पहिल्या सूरेपासून दाखवते. सहीह मुस्लिममध्ये हदीसे कुदसी (पैगंबरांनी सांगितलेलं अल्लाहचं वचन) आहे, अल्लाह म्हणतो, मी नमाज माझ्यात आणि माझ्या बंद्यात अर्धी-अर्धी वाटली आहे. बंदा 'अल्हम्दु लिल्लाहि रब्बिल आलमीन' म्हणतो तेव्हा अल्लाह म्हणतो, माझ्या बंद्याने माझी स्तुती केली. 'इय्याक नअबुदु' (आम्ही तुझीच उपासना करतो) ला म्हणतो, हे माझ्यात आणि माझ्या बंद्यात, आणि तो मागेल ते त्याला मिळेल. हे कळल्यानंतर एका दमात फातिहा संपवताच येत नाही. प्रत्येक आयतीनंतर उत्तरापुरतं थांबावं लागतं. आवाज तोच, शब्द तेच, फक्त वेग बदलतो आणि नमाज बदलते.

इमाम गजालींनी तिलावतीचे बाहेरचे आदब (शिष्टाचार) आणि आतले आदब असे वेगळे मांडलेत. आतल्यांमध्ये एक असा की वाचणाऱ्याने प्रत्येक हुकूम आपल्यालाच उद्देशून आहे असं समजावं. अर्थ माहीत नसेल तर हे कसं जमणार?

खाडीकाठ

आलिमाआपा, फार सुंदर. आम्ही शाफई पंथाचे. आमच्यात इमामाच्या मागेही प्रत्येकाने फातिहा स्वतः पढायची असते. म्हणजे दिवसातून इतक्यांदा तोंडात येणारी ही सूरा, आणि तिचाच अर्थ धड माहीत नाही. आजपासून सुरुवात.

पुस्तककिडा

थोडं अवांतर. विनोबा भावे मूळचे रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचे. त्यांनी अरबी शिकून मूळ कुरआन वाचला, उच्चारांवर मेहनत घेतली आणि निवडक आयती विषयवार लावून 'कुरआन-सार' तयार केला. त्यांना नुसता अर्थ हवा असता तर भाषांतरं होतीच. तरी त्यांना मूळ उच्चारही यायला हवा होता. ज्यांनी 'गीताई' लिहून गीता मराठीत आणली त्याच माणसाची ही गोष्ट, म्हणून इथे महत्त्वाची वाटते.

का_आणि_कसे

मग नमाजच मराठीत का नाही? कुणी प्रयत्न केलाय का?

मुंब्र्याची_आलिमा

प्रश्न जुना आहे. हनफी पंथाचे इमाम अबू हनीफा यांच्याकडून फारसीत पढण्याची मुभा नोंदवलेली आहे. त्यांचे शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद यांनी ती अरबी न येणाऱ्यापुरती ठेवली, आणि इमामांनी स्वतःही ते मत मागे घेतल्याचं हनफी ग्रंथांत येतं. शाफई मजहबात (पंथात) मुभा नाहीच. तुर्कस्तानात १९३२ ते १९५० अजान तुर्की भाषेत द्यायला लावली होती, बंदी उठताच लोक अरबीकडे परतले.

पण समजण्यासाठी तर्जुमा ही वेगळी गोष्ट. दिल्लीत शाह वलीउल्लाह यांनी अठराव्या शतकात फारसी तर्जुमा केला, त्यांच्या मुलांनी, शाह रफीउद्दीन आणि शाह अब्दुल कादिर यांनी उर्दूत. आपल्या भागात आज ज्याची बोलायची भाषा मराठी आहे त्याने मराठीतच वाचावं. तिथे उर्दूचा आग्रह धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

रात्रपाळी

हे शेवटचं वाक्य आमच्या मोहल्ल्यात मोठ्याने वाचून दाखवायला हवं. आणि कुरआनखानीचं काय? मय्यत झाली की तीस माणसं तीस पारे घेऊन बसतात, तासाभरात खत्म, मग जेवण. त्यापेक्षा एकाने सूरा यासीन पढून अर्थ सांगितला तर घरच्यांना आधार तरी मिळेल.

हाफिज_घाटमाथा

ईसाले सवाबवर (मृताला पुण्य पोचवण्यावर) उलेमांमध्ये मतभेद आहेत, इथे ते सुटणार नाहीत. पण दुःखाच्या घरी तीस माणसं तासभर शांत बसून पढतात, यालाही मोल आहे. त्या तासात रडणाऱ्या घराला कुणाशी बोलावं लागत नाही.

रात्रपाळी

हा विचार मी केला नव्हता. ठीक.

मास्तर_खेड

वयाने मोठा आहे, लांब लिहितो, सांभाळून घ्या. उर्दू शाळेतून निवृत्त.

सूरा माऊन. सात आयती, नमाजीत पटकन होते म्हणून सगळ्यांची आवडती. पहिलीतल्या पोरालाही येते. एकदा चौथीच्या वर्गात मी ती सगळ्यांकडून म्हणून घेतली आणि मग फळ्यावर अर्थ लिहिला. न्यायाच्या दिवसाला खोटं ठरवणारा कोण, तुम्ही पाहिलात का? अनाथाला धक्के देतो तोच. गरिबाला जेवू घालायला इतरांना उत्तेजन देत नाही तो. मग धिक्कार अशा नमाज्यांचा, जे नमाजीबाबत गाफील आहेत, दिखावा करतात आणि माऊन देत नाहीत.

माऊन म्हणजे रोजच्या वापरातली, शेजाऱ्याने मागितली तर द्यायची वस्तू. इब्ने मसऊद यांनी भांडं, कुऱ्हाड, बादली अशी उदाहरणं दिलीत. काही मुफस्सिर जकात असाही अर्थ घेतात. मी पोरांना म्हटलं, आपल्या वाडीत शेजारी काय काय मागायला येतात? यादी झाली: विळा, शिडी, घमेलं, नारळाची खवणी, लग्नाची टोपं. एक मुलगा म्हणाला, बोअरचं पाणी. ते एप्रिलचे दिवस होते. वर्ग गप्प झाला, कारण कुणाच्या बोअरला कुलूप आहे ते सगळ्यांना माहीत होतं. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, सर, मोबाइलचं हॉटस्पॉट धरायचं का? सगळे हसले. मी म्हटलं, धरायचं.

नमाज पढणाऱ्यालाच दटावणारी सूरा आपण नमाज लवकर आटपावी म्हणून पढत होतो. ज्या पोरांना ती पाठ होती त्यांच्यापर्यंत हे पाच मिनिटांत पोचलं. पाठ नसती तर आधी सूरा शिकवण्यातच तास गेला असता.

मुंब्र्याची_आलिमा

मास्तरसाहेब, जजाकल्लाह. यात तजवीदवाल्यांसाठीही एक गोष्ट आहे. चौथी आयत 'फवैलुल लिल मुसल्लीन' इथे संपते. तिथेच थांबलं तर अर्थ राहतो 'नमाज पढणाऱ्यांचा धिक्कार असो', आणि वाक्य तर पुढे आहे. म्हणून आपल्याकडच्या छापील कुरआनात त्या आयतीच्या गोलावर बारीक 'ला' लिहिलेला असतो, म्हणजे इथे थांबू नका. कुठे थांबायचं आणि कुठे जोडायचं याच्या खुणा ज्यांनी लावल्या त्यांनी अर्थ बघूनच लावल्या. तिलावत नीट करणारा माणूस नकळत अर्थाच्या वाटेनेच चाललेला असतो, म्हणून या दोन गोष्टींत भांडण आहे असं मला वाटतच नाही.

हाफिज_घाटमाथा

एक नोंद. उम्मे सलमा (रजि.) यांनी सांगितलंय की पैगंबर (स.) एकेक आयत सुटी करून पढत, म्हणून प्रत्येक आयतीच्या शेवटी थांबणं सुन्नत (पैगंबरांची रीत) मानणारेही आहेत, या जागीसुद्धा. आमच्या उस्तादांनी मात्र इथे जोडूनच पढायला शिकवलं.

मुंब्र्याची_आलिमा

बरोबर, दोन्ही मतं आहेत. थांबलात तर लगेच पुढची आयत घ्या, तिथे रुकू करू नका (नमाजीत वाकू नका), एवढं मुलींना सांगते.

सुपारीची_बाग

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता मूळ प्रश्नाकडे या ना. या रमजानला मी नेमकं काय करू?

मुंब्र्याची_आलिमा

खत्म फर्ज (अनिवार्य) नाही. सुटला तर गुन्हा नाही, पण सवय मोडू नका. तर्जुमा सूरा बकरापासून घेऊ नका. २८६ आयतींची सूरा, कायदे, वारसे, इतिहास सगळं एकदम येतं आणि लोक तिथेच थकतात. जे पाठ आहे तिथून सुरुवात करा. फातिहा, मग शेवटच्या छोट्या सूरा नासपासून फीलपर्यंत, मग अस्र. इमाम शाफईंचं म्हणणं सांगतात की लोकांनी एकट्या सूरा अस्रवर विचार केला तरी पुरे. तीनच आयती. ईमान आणि नेक कामं एकट्याने करता येतात, पण तिसऱ्या आयतीत पुढे सत्य आणि सबर (धीर) यांची एकमेकांना ताकीद देणं आहे, त्याला दुसरा माणूस लागतो.

आणि ज्या दिवसांत आपण बायका तिलावत करत नाही, मुसहफला (कुरआनच्या प्रतीला) हात लावत नाही, ते दिवस अर्थाच्या आणि तफसीरच्या वाचनाला द्या. रमजानमध्ये त्या दिवसांत अनेकींना आपण मागे पडलो असं वाटतं. तसं वाटून घेऊ नका.

शब्दवेडी

सासूबाई रोज मोठ्याने वाचतात ना? त्यांनी एक पान वाचावं आणि तुम्ही त्याच पानाचा मराठी अर्थ त्यांना वाचून दाखवावा. त्यांचा खत्मही होईल.

सुपारीची_बाग

शब्दवेडीताई, कालपासून हे सुरू केलंय. रमजानची वाटही पाहिली नाही. सासूबाईंनीच सूरा यूसुफ निवडली, हकिकत आहे म्हणून. आणि आज त्यांनी मला अडवलं. याकूब नबी मुलगा हरवल्यावर 'सब्रुन जमील' म्हणतात, म्हणजे सुंदर सबर. आणि पुढे ८४व्या आयतीत दुःखाने त्यांचे डोळे पांढरे पडतात. त्या विचारतात, रडून रडून डोळे गेले तर मग सबर राहिला कुठे? इतक्या वेळा पढलेली सूरा, हा प्रश्न आधी कधीच पडला नव्हता म्हणाल्या. कुणी सांगेल का?

हाफिज_घाटमाथा

अम्मांना माझा सलाम सांगा. उत्तर दोनच आयती पुढे आहे, ८६वी. मुलगे म्हणतात, आठवण काढून काढून तुम्ही झिजून जाल. ते म्हणतात, 'इन्नमा अश्कू बस्सी व हुज्नी इलल्लाह', मी माझं दुःख आणि माझी व्यथा फक्त अल्लाहपुढे मांडतो. रडण्याने सबर मोडत नाही. तक्रार कुणाकडे करतो यावर ते ठरतं.

आणि हेही त्यांना सांगा. उमर (रजि.) फजरच्या नमाजीत ही सूरा पढत होते. या आयतीला पोचले आणि रडू लागले. त्यांचे हुंदके शेवटच्या रांगांपर्यंत ऐकू आले, असं तिथे उभे असलेल्या अब्दुल्लाह बिन शद्दाद यांनी सांगितलंय. बुखारीत नोंद आहे.

सुपारीची_बाग

आत्ताच वाचून दाखवलं. ती आयत त्यांनी पुन्हा एकदा पढली, या वेळी बरीच हळू. मग लगेच दुसरा प्रश्न: यूसुफ नबी मिसरमध्ये (इजिप्तमध्ये) एवढे मोठे अधिकारी झाले, तर वडिलांना निरोप का नाही पाठवला? हाफिजसाहेब, आलिमाआपा, इशाआधी उत्तर मिळालं तर बरं होईल, त्या वाट बघताहेत.